छत्तीसचा रोल

मावसभावाने घरातले जुने अल्बम स्कॅन करायला काढलेत. रात्री जेवणं उरकली की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडायला लागतात. सध्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डचे चालू आहेत, नव्वदीच्या सुरुवातीचे. बाकीचे अंगठे नि बदाम पाठवतायत. मी फोटोंत एस्सेलवर्ल्ड शोधतोय. फारसं सापडत नाही.

*

सापडते ती मार्वेची जेट्टी. मग लाँच. लाँचमध्ये दाटीवाटीने बसलेले आम्ही, केस वाऱ्यावर, डोळे बारीक. खाडी, पलीकडे तिवरं. पुन्हा लाँच, पुन्हा आम्ही. रोल नुकताच भरलेला असायचा, हात शिवशिवत असायचे आणि पाण्यावर उजेडही मुबलक. त्यामुळे पार्कच्या दारात पोचेपर्यंत रोलचा चांगलाच फडशा पडलेला. मग मोठ्यांपैकी कुणीतरी म्हणायचं, "आता जरा जपून." जपून म्हणजे राइडचे फोटो बंद.

*

काढले तरी ते येत नव्हते म्हणा. आमच्याकडे होता हॉटशॉट. फोकस ठरलेला, शटरचा वेगही ठरलेला. आपण फक्त बटण दाबायचं. उन्हात ताठ उभ्या राहिलेल्या माणसाला तो कॅमेरा न्याय द्यायचा. क्रेझी कप्समध्ये गरगरणारा माणूस मात्र रंगाचा फराटा होऊन यायचा. झिपर डिपरच्या एका फोटोत रूळ स्पष्ट आहेत, खांब स्पष्ट आहेत, खांबावरचा गंजाचा ओघळसुद्धा स्पष्ट आहे, आणि वरून गेलेला तांबडा-पिवळा पट्टा म्हणजे आम्ही. मावसभाऊ छातीठोकपणे सांगतो की त्या पट्ट्यात पुढून दुसरा तो आहे. असेल बुवा.

म्हणून मग लोक राइडसमोर उभे राहायचे. हूला लूपचा लोखंडी फेरा मागे, पुढे ओळीने कुटुंब, हात बाजूला. ताजमहालासमोर उभं राहावं तसं.

*

या सगळ्यांत ज्यांचे चेहरे लख्ख आलेत ती माणसं राइडमध्ये न बसलेली आहेत. पहिला मान मावशीचा. बाकावर बसलीय. मांडीवर वायरची पिशवी, तीतून डोकावणारी मिल्टनची बाटली. डाव्या मनगटावर तीन घड्याळं: एक तिचं, दोन पुरुषी, पार कोपराच्या दिशेने सरकवलेली. कुणाचा तरी गॉगल पदराला अडकवलेला. पायाशी चपलांचा ढीग. फोटो मोठा करून बघितला तर उजव्या मुठीत घट्ट धरलेल्या नोटाही दिसतात.

परवा फोन केला तेव्हा विचारलं, "मावशी, तू कुठल्या राइडमध्ये बसली होतीस गं?"

"मी कशाला बसत्ये? एकदा 'चल ना, चल ना' केलंत, नि जे पळालात ते भूक लागल्यावर उगवलात."

तक्रार नव्हती त्यात. किंवा होती, पण इतक्या वर्षांत मुरलेली.

*

काही फोटो काकांच्या कॅमेऱ्यातले आहेत. तो परदेशातून आलेला, कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख उमटवणारा. तारीख आहे '87 1 1. एस्सेलवर्ल्ड सुरू झालं 1989 मध्ये! बॅटरी बदलली की कॅमेऱ्याचं कॅलेंडर पहिल्या पानावर जायचं आणि ते पुन्हा लावायचं कसं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कितीतरी लग्नं, बारशी आणि सहली एकाच 1 जानेवारीला झालेल्या आहेत.

*

तारखेवर भरवसा नाही, तेव्हा मागचं दृश्य बघायचं. वॉटर किंगडमच्या घसरगुंड्या दिसल्या तर फोटो 1998 नंतरचा. सोनेरी पॅगोडा दिसला तर आणखी अलीकडचा. त्याचं काम 2000 मध्ये सुरू झालं आणि उद्घाटन 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं. आमच्या फोटोंत तिथे नुसतं आभाळ आहे. पॅगोड्याची जागाही एस्सेलवाल्या सुभाष चंद्रांनीच दिलेली. इकडे किंचाळणारी पोरं, तिकडे विपश्यनेचं मौन. मुंबईत शेजार निवडून मिळत नाही.

*

सुभाष चंद्रांचंच आणखी एक. 1989 मध्ये या गृहस्थांनी मुंबईकराला सुट्टीच्या दिवशी उठवलं, लोकलने मालाड-बोरिवलीला आणलं, खाडी ओलांडायला लावली. आणि 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही सुरू करून त्यालाच परत सोफ्यावर बसवलं. पार्कची ती जाहिरात, घरी जायला साफ नकार देणाऱ्या पोराची, आम्ही घरातच बसून पाठ केली. पार्कात एकदा गेलेल्यांपेक्षा जाहिरातीचं गाणं येणारे लोक कितीतरी जास्त असणार, अशी माझी खात्री आहे.

*

असाच पार्क, अप्पू घर, दिल्लीत 1984 पासून होता. आम्हाला त्याचं काय? आमची मजल माउंट मेरीच्या जत्रेपर्यंत. त्या जत्रेचेही दोन फोटो अल्बमात निघाले. त्यांत पाळणेवाला आहे, बनियनवर, एक पाय पाळण्याच्या दांड्यावर, कॅमेऱ्याकडे बघून हसणारा. एस्सेलवर्ल्डच्या एकाही फोटोत राइड चालवणारा माणूस नाही.

*

फोटो लालसर पडलेत. गोराईचं आभाळ असं जांभळट कधीच नव्हतं. त्या काळच्या पुष्कळ रंगीत प्रिंट्सचं हे दुखणं आहे: रंगांच्या तीन थरांपैकी निळसर थर अंधाऱ्या कपाटातसुद्धा आधी उडतो, उरतो तो किरमिजी आणि पिवळा. त्यात आमचे अल्बम चिकट पानांचे, वर प्लास्टिक. फोटो सोडवताना मावसभावाने दोन फाडले. निगेटिव्ह सापडली तर रंग बरे निघतील, पण निगेटिव्हच्या पाकिटाबद्दल प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

*

मावसभाऊ फोटो कापूनकुपून टाकतो. कडेचे अनोळखी लोक काढतो, फ्रेम 'नीट' करतो. मी त्याला कळवळून सांगितलं की बाबा रे, कडाच ठेव. मधे आम्हीच आहोत, आमची तोंडं मला माहीत आहेत. कडेला राइडची रांग आहे, रांगेतल्या बायकांच्या साड्या आहेत, सफारी घातलेले बाप आहेत, आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलेलं एक पोर आहे.

त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. आजचेही फोटो कापलेलेच आलेत.

*

एस्सेलवर्ल्ड 2022 मध्ये बंद झालं. ग्रुपवर ही बातमी कुणालाच नवी नव्हती, आणि मधल्या वर्षांत कुणी तिकडे फिरकलंही नव्हतं. हळहळ मात्र भरपूर झाली.

*

परतीचे फोटो जवळजवळ नाहीत. अंधार पडलेला, फ्लॅशची बॅटरी उतरलेली, सगळे दमलेले. तरी रोल शिल्लक राहायचाच, कारण दिवसभर जपून काढलेले. अर्धा रोल धुवायला देणं ही उधळपट्टी. मग दुसऱ्या दिवशी घरात रोल संपवायचा कार्यक्रम. छत्तीसच्या रोलमधून सदतिसावा निघायचा, नशीब असलं तर अडतिसावाही. त्यामुळे एस्सेलवर्ल्डच्या प्रत्येक पाकिटाच्या शेवटी आमची गॅलरी आहे, शेजारचं बाळ आहे, कारण नसताना टेबलाशी बसून लिहिणारा मी आहे. आणि सगळ्यात शेवटी, क्रोशाचं कव्हर घातलेला आमचा फ्रिज. अख्ख्या रोलमध्ये त्याच्याइतका स्पष्ट कुणीही आलेला नाही.