डबीवरचं नाव

मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या टाक्यांशेजारी एक छोटी मांडणी असते. तिच्यावर पारदर्शक डब्या. प्रत्येक डबीच्या तळाशी बोटभर जेली आणि त्या जेलीत टिश्यू कल्चरने वाढवलेली इवली रोपं. त्यातल्या एका डबीतली पानं केसांइतकी बारीक असतात, शेंड्याला गुलाबी झाक असते. लेबलवर नाव असतं, ‘रोटाला वॉलिचिआय’. प्लांटेड टँकचं वेड लागलेला माणूस या डबीपुढे हमखास रेंगाळतो. बहुतेकांना पानं अडवतात. क्वचित एखाद्याला नाव अडवतं.

नाथानिएल वॉलिच १७८६ मध्ये कोपनहेगनला जन्मला. शिकला शस्त्रवैद्यक, आणि विशीतच बंगालमधल्या श्रीरामपूरला आला. हुगळीकाठचं हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं; कागदोपत्री त्याचं नाव फ्रेडरिक्सनगर. पण युरोपातल्या युद्धात डेन्मार्क नेपोलियनच्या बाजूला गेला आणि १८०८ मध्ये इंग्रजांनी ते गाव घेतलं. तरुण डॉक्टर युद्धकैदी झाला. त्याला सोडवलं ते झाडांच्या ज्ञानाने. कलकत्त्याच्या कंपनी बागेचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांना मदतनीस हवा होता आणि या कैद्याला झाडांतलं कळत होतं. पुढे १८१७ पासून जवळजवळ तीस वर्षं वॉलिचनेच ती बाग सांभाळली. नेपाळ, आसाम, ब्रह्मदेश पालथा घातला. १८२८ मध्ये तो इंग्लंडला निघाला तेव्हा वाळवलेल्या वनस्पतींच्या पेट्याच पेट्या बरोबर होत्या. त्या त्याने एकट्याने कवटाळून ठेवल्या नाहीत. नमुने लावून, क्रमांक घालून युरोपभरच्या अभ्यासकांना वाटले. त्याची हाताने लिहिलेली यादी नऊ हजारांच्या पुढे जाते. वनस्पतिशास्त्रात आजही तिच्यातले क्रमांक सांगून बोललं जातं. संग्रह करणारे पुष्कळ असतात, वाटणारे थोडे. तेव्हा पाणथळीतल्या एवढ्याशा रोपाला त्याचं नाव मिळालं, हे फार छान झालं. टाक्यांसाठी पाणवनस्पती वाढवणाऱ्या नामांकित नर्सऱ्यांपैकी एक, ट्रॉपिका, तीही डेन्मार्कचीच.

आता डबी उघडायची. जेली पाण्याखाली अलगद धुऊन काढायची, काड्या सुट्या करायच्या आणि लांब चिमट्याने एकेक काडी मातीत दोन-तीन सेंटिमीटर खोचायची. जुडीच्या जुडी रोवली की मधल्या काड्यांना उजेड मिळत नाही, त्या आतून काळ्या पडतात. चिमटा सोडताना किंचित हलवायचा असतो, नाहीतर काडी त्याच्याबरोबर वर येते आणि पाण्यावर तरंगत बसते. पन्नास काड्या लावायला संध्याकाळ जाते. जाऊ द्यावी.

इतकी बारीक पानं का, याचं उत्तर पाण्यात आहे. हवेच्या मानाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. तो मिळवायचा तर पानाचा जास्तीत जास्त भाग पाण्याला लागला पाहिजे, म्हणून पान अरुंद होत होत धाग्यावर आलं. पेलून धरायला पाणी असल्यावर खोडाला ताठपणा लागत नाही. सुकण्याची भीती नसल्यावर पानावर मेणाचा जाड थर लागत नाही. नाजूकपणा ही या रोपाची पाण्यातली हुशारी आहे. मात्र हा गॅस आज भरपूर, उद्या तुटपुंजा असं झालं की शेंडा आखडतो. म्हणून टाकीत काचेचा छोटा बल्ब चिकटवतात. त्यातलं द्रावण निळं असेल तर गॅस कमी, पिवळं झालं तर माशांना धोका, आणि पोपटी हिरवं असेल तर लिटरला साधारण तीस मिलिग्रॅम, म्हणजे ठीक. या रोपाला पाणीही मऊ लागतं. बेसॉल्टच्या खडकातून आलेलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यात आरओचं पाणी मिसळावं लागतं.

टाकीतल्या अशा रोपांची कुळं पाहायला लांब जायला नको. श्रावण-भाद्रपदात कासच्या पठारावर, उन्हाळ्यात तव्यासारख्या तापणाऱ्या कातळावर, उथळ पाण्यात जांभळी मंजिरी उभी असते. पोगोस्टेमॉन ही तिची प्रजाती. तिच्यातलीच स्टेलाटस आणि इरेक्टस जगभरच्या टाक्यांत मानाने वाढवतात. पाऊस संपला की पाणी आटतं, रोप बी टाकून जातं. चार महिन्यांचा संसार. ज्याने ते एकदा पाहिलं, त्याला टाकीत नवी रोपं लावल्यावर जुनी पानं गळताना फारशी धास्ती वाटत नाही. हवेत वाढलेली पानं पाण्यात टिकत नाहीत. रोप ती टाकून पाण्यातली नवी काढतं. त्या पंधरवड्यात दर दोन दिवसांनी खत आणि दिवे बदलणारा माणूसच जास्त नुकसान करतो.

रोप पृष्ठभागाला टेकलं की कात्री. वरचा वीतभर शेंडा कापून पुन्हा रोवला की तो मुळं धरतो आणि खालच्या खोडाला दोन फुटवे येतात. डच पद्धतीच्या टाक्यांत याच छाटणीवर सगळा डौल असतो: दगड नाही, लाकूड नाही, नुसत्या रोपांच्या रांगा, पुढून मागे चढत जाणाऱ्या. दगडांच्या देखाव्यांना बक्षिसं पुष्कळ मिळतात, पण रोज कात्री धरणाऱ्याचा हात दिसतो तो या रांगांमध्येच.

छाटणीनंतर बादलीत उरतात ते तुकडे. २०२० मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या आवळ पांडी इथे एक ओढा गुलाबी फुलांनी भरून गेला आणि बघायला लोकांची रीघ लागली. ती कॅबोंबा होती, दक्षिण अमेरिकेतली, टाक्यांत वाढवली जाणारी. उलट दिशेने, भारतातली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा फ्लोरिडाच्या कालव्यांत इतकी माजली की अमेरिकेच्या केंद्र सरकारने तिला घातक तणांच्या यादीत घातलं. दोन्हींना मुळं फुटायला खोडाचा लहानसा तुकडा पुरतो.

तेव्हा बादली ओढ्यात, तळ्यात, गणपती विसर्जनाच्या घाटावर ओतू नका. तुकडे गच्चीवर कडक उन्हात चांगले वाळू द्या आणि मग कुंडीतल्या मातीत मिसळा.