अनुद्यूत

महाभारतातील द्यूताची कथा आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु द्यूत दोनदा झाले होते, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. पहिल्या द्यूतात युधिष्ठिर सर्वस्व हरला. राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला, शेवटी द्रौपदीही पणाला लागली. मग धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले, हरलेले सारे परत मिळाले आणि पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. एवढ्यात मागून निरोप आला : परत या, आणखी एक डाव खेळायचा आहे. आणि युधिष्ठिर परतला! बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास हा त्या दुसऱ्या डावाचा पण. सभापर्वात या प्रकरणाला स्वतंत्र नाव आहे : अनुद्यूत.

पहिल्या डावाला शकुनीचे कपट हे कारण तरी सांगता येते. दुसऱ्या डावाला काय सांगायचे? बी. ए.च्या वर्गात हा प्रश्न मला पडला नव्हता. तो पडला गेल्या हिवाळ्यात, मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका जहाजावर, पोकरची स्पर्धा खेळताना.

नवी मुंबईच्या मुलाला पोकर खेळायला गोव्याला का जावे लागते, हे आधी सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात पैसे लावून पत्ते खेळण्याला आडवा येतो तो १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने कॅसिनोंना परवानगी देणारा एक कायदा संमत केला होता खरा, परंतु तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्याचा कायदाही त्याच १९७६ सालचा. मात्र त्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ साली पाण्यावरील जहाजांना सवलत मिळाली. पोकर हा खेळ वाढला तो एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर. मिसिसिपीच्या बोटीवरून निघालेला हा खेळ कायद्याच्या वळणांनी पुन्हा बोटीवरच यावा, ही गंमतच म्हणायची! रमीत कौशल्य प्रधान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले. पोकर हा जुगारच, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने, कौशल्य की दैव हा वादच बाजूला सारून, पैसे लावून खेळायचे सारे ऑनलाइन खेळ बंद केले. भ्रमणध्वनीवर हा खेळ शिकलेली आमच्या वयाची मुले एका रात्रीत पोरकी झाली.

मी मात्र भ्रमणध्वनीवर शिकलो नाही. नेरुळला एका मित्राच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण शनिवारी रात्री बसत असू. पैशांऐवजी चिंचोके. पहाटेपर्यंत चिंचोक्यांचे डोंगर इकडून तिकडे हलत आणि सकाळी ते पुन्हा एकाच बरणीत जात. तरीही घरी मी हे कधी सांगितले नव्हते. आमच्या घरात पत्त्यांचा जोड आणायला बंदी आहे. गणपतीच्या जागरणाला आळीतल्या प्रत्येक ओटीवर डाव रंगतो. आमच्या ओटीवर भजन होते.

आमचे घर आगऱ्यांचे. ठाण्याच्या खाडीकाठी आमची भातशेती होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची रेघ ओढली गेली. आजोबांच्या हातात भाताऐवजी नोटा आल्या. फार नव्हत्या, जमिनीच्या मानाने तर नव्हत्याच. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईजवळ जे आंदोलन पेटले आणि ज्यात पाच जण हुतात्मा झाले, ते याच रागातून. पण एका माणसाने एकरकमी कधी पाहिल्या नसतील इतक्या त्या नोटा निश्चित होत्या. गोकुळाष्टमीला सुपाऱ्यांवर खेळला जाणारा तीन पानी डाव त्या वर्षी नोटांवर खेळला गेला. दोन पावसाळ्यांत मोबदल्याचा मोठा हिस्सा संपला. लहानपणी एकदा मी जुन्या पोस्टकार्डांची चवड पत्त्यांसारखी पिसत बसलो होतो. ती पाहून आजीने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "बाला, यो हात आज्याचा हाय."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले होते. माझा हात खरोखरच आजोबांचा आहे का, हे चिंचोक्यांवर कळणारे नव्हते. म्हणून शिकवण्यांच्या पैशांतून दहा हजार रुपये वेगळे काढले आणि एका मित्रासह पनवेलला रात्रीची कोकणकन्या पकडली.

पणजीच्या धक्क्यावरून लहान लाँचने जहाजावर नेतात. दारात वय पाहतात. एकवीस वर्षांच्या आतील कुणाला प्रवेश नाही. २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांनाही कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. पाहुण्यांना पान मांडणारे आणि घरच्यांना मात्र पंगतीपासून दूर ठेवणारे ते यजमानघर पाहून मला आमच्या आजीची आठवण झाली. घरच्यांना कशापासून जपायचे, हे तिला आणि गोवा सरकारला सारखेच कळले असावे!

आत हिरव्या मखमलीची टेबले. एकेका टेबलाभोवती नऊ माणसे आणि मध्ये पत्ते वाटणारी मुलगी. प्रत्येकाला सारख्याच चिप्स मिळतात. या चिप्सना बाजारात मोल नाही. त्या संपल्या की तुम्ही बाहेर, एवढाच त्यांचा अर्थ. प्रत्येकाच्या हाती दोन पाने मिटलेली. मग मध्यावर पाच पाने उघडली जातात : आधी तीन, नंतर एक, शेवटी एक. दर टप्प्यावर बोली. सातांतून उत्तम पाच ज्याची, किंवा ज्याच्या बोलीला भिऊन बाकीचे पाने टाकून देतील, तो डाव जिंकतो. न खेळता नुसते बसून राहता येत नाही. पाळीपाळीने दोघांना पाने पाहण्याआधीच 'ब्लाइंड' म्हणून चिप्स टाकाव्या लागतात आणि ही रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते. जहाजावर अन्यत्र कुठे घड्याळ दिसले नाही. आमच्या खोलीत मात्र भिंतीवर एक भले मोठे घड्याळ उलटे धावत होते.

माझ्या डावीकडे बंगळूरचा एक संगणक अभियंता होता, समोर सुरतेचे एक वृद्ध व्यापारी. दोघेही सभ्य, मितभाषी. पोकर म्हणजे धाडस, अशी माझी चित्रपटांवरून झालेली समजूत तासाभरातच मावळली. दिवसभरात मी जितकी पाने खेळलो, त्याच्या कितीतरी पट टाकून दिली. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांतून एकदा हाती येते. उरलेला काळ माणसाने काय करायचे? बघायचे. कोण बोली लावताना श्वास रोखतो, कोणाची बोटे चिप्सशी चाळा करायची थांबतात, हे पाहायचे. खाडीवर गळ टाकून बसलेला माणूस जसा दोरीकडे न पाहता पाण्याकडे पाहतो, तसे. चिप्सचा तो अखंड चिकचिकाट रातकिड्यांसारखा कानांत भरून राहिला होता. दुपारी एकदा हाती काहीच नसताना मी मोठी बोली लावली आणि अभियंत्याने क्षणभर माझ्याकडे रोखून पाहत पाने टाकली. त्या क्षणी छातीत जे उसळले, ते मला आजवर कोणत्याही परीक्षेच्या निकालाने दिलेले नाही. आजोबांना काय गवसले होते, ते मला तेव्हा कळले.

संध्याकाळी माझ्या हाती दोन राजे आले : इस्पिकचा आणि बदामाचा. समोरच्या वृद्ध गृहस्थांनी बोली वाढवली, मी आणखी वाढवली, आणि पाहता पाहता माझ्या साऱ्या चिप्स मध्ये गेल्या. त्यांनी पाने उघडली : एक्का आणि राणी. अशा गाठीत राजांची जोडी शंभरांतून सत्तरांहून अधिक वेळा जिंकते. मध्यावर किलवर नव्वी, चौकट चव्वी, बदाम सत्ती आली. चौथी इस्पिक दुर्री. आता न दिसलेल्या ४४ पानांपैकी फक्त तीन एक्के मला हरवू शकत होते. पाचवे पान उघडले : चौकटचा एक्का.

वृद्धांनी अर्धवट उठून माझा हात हातात घेतला. "तुम्ही बरोबरच खेळलात," ते हिंदीत म्हणाले. खरेच होते ते. बरोबर खेळूनही हरता येते, ही गोष्ट परीक्षा, नोकरी, शेती या साऱ्यांत असतेच. पण ती इतकी उघडीवाघडी, एका पानात समोर ठेवणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

दाराबाहेर एक मेज होते. तेथे पुन्हा प्रवेशशुल्क भरले की त्याच स्पर्धेत नव्या चिप्स घेऊन पुन्हा बसता येत होते. उलट्या घड्याळात त्यासाठी अजून बावीस मिनिटे होती. रांगेत सहा-सात जण उभे होते. एकाची ती तिसरी खेप, असे तोच हसत सांगत होता. मित्र म्हणाला, "तुझे काही चुकले नाही. गणित तुझ्या बाजूने आहे. बस पुन्हा." माझ्या खात्यात आणखी बारा हजार होते, पुढल्या सत्राच्या शुल्कासाठी ठेवलेले.

त्या रांगेकडे पाहत असताना मला अनुद्यूत शब्द आठवला, आणि पाठोपाठ नलाची गोष्ट. नलही द्यूतात राज्य हरला होता. पुढे ऋतुपर्ण राजाने वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे न मोजता अचूक सांगितली. नलाने मोजून पाहिली, ती तितकीच भरली. तेव्हा आपली अश्वविद्या देऊन त्याने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकून घेतले. मग तो पुष्कराशी पुन्हा खेळला आणि जिंकला. म्हणजे दुसरा डाव नलही खेळला आणि युधिष्ठिरही. फरक एवढाच, की मधल्या काळात नल काही शिकला होता. युधिष्ठिराने मात्र रथ नुसता मागे वळवला होता. वनवासात बृहदश्व मुनींनी त्याला हीच नलकथा सांगितली आणि अक्षहृदयही शिकवले. पण तोवर राज्य गेले होते.

मित्राचे गणित खोटे नव्हते. परंतु रांगेतला प्रत्येकजण स्वतःला नल समजत होता आणि कुणाच्याही वाटेत बेहड्याचे झाड आलेले नव्हते. माझ्याही नव्हते. हरल्याला पुरती पाच मिनिटेही झाली नव्हती. कानांत रातकिडे वाजत होते, आणि खरे सांगायचे तर मला गणितासाठी बसायचे नव्हतेच. मला ती दुपारची उसळी पुन्हा हवी होती. रांगेत उभे राहण्याइतके पाय पुढे गेले होते. ते मागे घ्यायला राजांची जोडी खेळण्यापेक्षा अधिक बळ लागले. मी लाँचकडे चालू लागलो.

अंधारात मांडवी ओलांडताना मनात आले ते आजोबा. आम्ही त्यांना आजवर 'पत्त्यांत बुडालेला माणूस' म्हणून ओळखत आलो. पण माझ्या डावाला तळ होता : दहा हजार. तो मी घरून, थंड डोक्याने ठरवून आणला होता. आजोबांच्या डावाला तळ कोणी घालून दिला होता? खंडीने भात मोजणाऱ्या त्या माणसाच्या हाती जमिनीच्या बदल्यात कागद आले. त्या कागदांचे वजन त्यांना कधी लागलेच नाही. मखमलीवरच्या बिनमोलाच्या चिप्सच त्या! आणि मोबदल्याचा प्रत्येक पुढचा हप्ता म्हणजे पुन्हा बसण्याचे आमंत्रण. प्रातिकामी निरोप घेऊन दारात यायचाच काय तो अवकाश. आजीने पत्त्यांवर बंदी घातली, ती घर वाचवण्यासाठी, आणि घर वाचलेही. पण दोष पत्त्यांचा होता, की एकदा हरून उठलेल्या माणसाला श्वास घेण्याइतकीही फुरसत न देणाऱ्या त्या दिवसांचा?

माझा हात आजोबांचा आहे, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. ती उसळी मी ओळखली आहे. ती पुन्हा बोलावील. चिंचोक्यांची बरणी नेरुळला अजून तशीच आहे आणि शनिवारी आम्ही बसतोही. मात्र दरवेळी, पाने वाटण्याआधी, मी माझ्यापुरते चिंचोके मोजून घेतो. मित्र हसतात. चिंचोके कसले मोजायचे, म्हणतात. मी मोजतो.