पडशाची उपेक्षा

पडसें हा आजारच नव्हे, अशी आमची फार दिवस समजूत होती. महाळुंग्याहून सायकलीनें येणारा आमचा एक विद्यार्थी फ्लूनें पडला. ताप उतरून दोनच दिवस झाले असतां आम्हीं त्यास परीक्षेस बोलाविलें, आणि त्याच आठवड्यांत त्यास न्युमोनिया झाला.

असें कां झालें, तें आम्हीं मागाहून वाचलें. श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांहूनहि सूक्ष्म तंतु असतात; ते एकसारखे हालून कफासह धूळ व जंतु वर लोटतात. फ्लूचा विषाणु नेमक्या ह्याच पेशींत शिरून त्यांचा नाश करितो. ताप जातो, पण झाडणारा हात अद्याप परत आलेला नसतो. मग उघड्या पडलेल्या जागीं न्युमोनियाचे जंतु ठाण मांडतात. १९१८ सालच्या साथींत जगभर पुष्कळ माणसें दगावलीं, तीं बहुधा ह्या दुसऱ्या आजारानेंच.

विषाणूंचें आपसांत मात्र निराळेंच आहे. एक शिरला कीं पेशी ‘इंटरफेरॉन’ नांवाचें द्रव्य सोडून शेजारणींस सावध करितात. तें १९५७ सालीं आयझॅक्स व लिंडेनमान ह्यांनीं शोधिलें. २००९ सालीं नव्या फ्लूनें देशांतील पहिला बळी पुण्यांत घेतला. त्याच वर्षीं फ्रान्स व स्वीडन येथें पडशाच्या साथीनें तो फ्लू कांहीं काळ थोपविला, असा तेथील संशोधकांचा तर्क आहे. हें ऐकून वर्गांतील एकानें, “मग मुद्दाम पडसें आणावें काय?” असें विचारिलें. आम्हीं हंसलों, उत्तर मात्र ‘नाहीं’ असेंच दिलें.

तो मुलगा तीन आठवड्यांनीं परत आला. जिना चढतांना तो मध्येंच थांबे, आणि आम्हीहि त्याच्याबरोबर थांबत असूं.