एवढीशी पिन

'पिन' म्हटलं की हॉस्टेलवर लगेच विचारतात, "एटीएमची का?" नाही हो. ही गोष्ट काडीपेटीतल्या अर्ध्या काडीएवढ्या पिनची आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात.

गेल्या वर्षी एन.सी.सी.च्या दहा दिवसांच्या शिबिरात आम्हाला एसएलआर रायफलचं 'खोलना-जोडना' शिकवलं. 7.62 मिलिमीटरची ही रायफल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनायची. नंतर सैन्यात तिची जागा इन्सासने घेतली. पहिला नियम, मॅगझिन काढायचं आणि चेंबर रिकामा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दुसरा नियम, काढलेला प्रत्येक भाग सतरंजीवर ओळीने मांडायचा आणि जोडताना उलट्या क्रमाने उचलायचा. (हे सगळं उस्तादांच्या नजरेखाली बरं का! 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही.)

ब्रीच ब्लॉकमध्ये फायरिंग पिन असते, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई. तिच्यावर स्प्रिंग असते. स्प्रिंगच्या जोराने सुई मागून बाहेर पडू नये म्हणून ब्लॉकमध्ये एक बारीक पिन आडवी बसवलेली असते. तीच रिटेनिंग पिन. उस्तादांनी दाखवलं की सुई अंगठ्याने आत दाबून धरली की आडव्या पिनवरचा ताण जातो, मग टोकदार वस्तूने नुसतं ढकललं तरी ती अलगद निघते. जोर लावायचा नाही, आणि अंगठा एकदम सोडायचा नाही.

मी नेमका तोच सोडला! वेळ लावून स्पर्धा चालू होती आणि शेजारची माझ्या पुढे गेली होती. सुई टुणकन उडून सतरंजीवर पडली, ती सापडली. आडवी पिन मात्र गवतात गेली.

आता खरं सांगते. मी सुई आणि स्प्रिंग गुपचूप खिशात टाकली आणि बाकीची रायफल जोडून मोकळी झाले. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. बोल्ट चालला, ट्रिगरचा टक आवाजही आला. माझा दुसरा नंबर आला. उस्ताद म्हणाले, "शाबाश!" त्या शाबासकीने मला जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्या केटीने वाटली नाही.

रायफली कोतमध्ये परत जमा व्हायच्या आधी मी जाऊन सांगितलं. वाटलं, आता पूर्ण मैदानाला चकरा. उस्ताद ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कल यह राइफल जिसके हाथ में जाएगी, उसे कौन बताता?" मग आम्ही सगळ्या जणी गुडघ्यांवर बसून गवत चाळत होतो. चहा थंड झाला. पिन सापडली ती त्या शेजारच्या मुलीला. तिने ती माझ्या हातावर ठेवली आणि एक शब्द बोलली नाही.

पुढे मशीन डिझाईनला नकल जॉइंट आला. रॉडचा व्यास काढा, फोर्कची जाडी काढा, नकल पिन शिअरमध्ये तपासा, बेंडिंगमध्ये तपासा. पानंच्या पानं गणित! शेवटी नकल पिन निसटू नये म्हणून कॉलर आणि स्प्लिट पिन. तिचं गणित नाही, नुसती आकृतीत काढायची. कारण मुख्य भार तिच्यावर नसतोच. तिचं काम एकच, दुसऱ्याला जागेवरून हलू न देणं. वर्कशॉपमध्ये मामांनी सुंबा हातात देऊन शिकवलं ते वेगळंच. टेपर पिन बारीक टोकाकडूनच ठोकायची, नाहीतर ती आणखी घट्ट बसते. सुंबा भोकापेक्षा किंचित बारीक हवा. आणि एकदा पाय वाकवलेली स्प्लिट पिन परत वापरायची नाही, चार आण्याची वस्तू असली तरी.

दिवाळीनंतर गावी गेले. माझं गाव मुरुम, धाराशिव जिल्हा, उमरगा तालुका. (सिव्हिलवाले विचारतात, "रस्त्यावर टाकतात तो?" त्यांना नमस्कार.) ऊसतोड चालू झाली होती. काकांच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाने गच्च भरलेल्या. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी जाड पिन खड्ड्यात उसळून वर येऊ नये म्हणून तिच्या भोकात एक छोटी क्लिप असते. काकांच्या पिनमध्ये क्लिपच नव्हती. वाकवलेला खिळा होता.

म्हटलं, "काका, हे काय?"

"आगं माय, चार वरसं झाली. कुठं काय झालं?"

बाहेरून सगळं ठीक दिसतं, हेच तर मीही म्हणत होते ना! भर रस्त्यात मागच्या ट्रॉल्या सुटल्या, तर त्यांच्या मागे मोटारसायकलवर कोण असेल ते कुणाला ठाऊक? मी काकांना रायफलची गोष्ट सांगितली. खिशातल्या सुईसकट. घरात ती आजवर कुणालाच माहीत नव्हती. काका ऐकत राहिले, मग बैलांना वैरण टाकायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडजवळच्या दुकानातून दोन क्लिपा आणल्या. काकांनी खिळा काढून फेकला, क्लिप बसवली. मग घरातून एक वीतभर साखळी आणली, तिचं एक टोक क्लिपला आणि दुसरं ट्रॉलीला अडकवलं.

"पुन्ना हरवली म्हून खिळा घालायला नको," ते म्हणाले.

आमच्या डिझाईनच्या वहीत ही साखळी कुठेच नाही. रायफलला ती बांधताही येत नाही. तिथे अंगठाच सांभाळावा लागतो. आणि सुटलाच, तर तोंड उघडावं लागतं.