पुरुषाच्या पायातली टाच

उंच टाचेचे पादत्राण मुळात पुरुषांचे. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून ते घालत. १७व्या शतकात ते युरोपच्या दरबारांत रुळले. फ्रान्सचा राजा चौदावा लुई तर लाल टाचा मिरवत असे. पुढच्या शतकात पुरुषांनी उंच टाच सोडली, आणि आज विदर्भातल्या वाशीम-कारंज्याच्या बाजारात तशी चप्पल मागणाऱ्या पुरुषाकडे माना वळतील.

खरे तर विदर्भाला स्त्रीवेषातला पुरुष नवा नाही. खडी गंमत आणि दंडार या लोककलांत पुरुषच लुगडे नेसून नाचत आले. मराठी रंगभूमीवर स्त्री-भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) साड्या-दागिन्यांचे अनुकरण तर घरंदाज स्त्रिया करत. मात्र ही मोकळीक रंगमंचापुरतीच. तमाशात बायकी हावभावांनी नाचणाऱ्या नाच्याला रस्त्यावर टोमणे खावे लागले; ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटाने तीच वेदना मांडली. रात्री ज्याला टाळ्या दिल्या, त्यालाच सकाळी हिणवणे हा उघड अन्याय आहे.

कायदा मात्र ही मोकळीक रंगमंचापुरती ठेवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात, पेहरावातून लिंगभाव व्यक्त करणे हा राज्यघटनेच्या कलम १९ने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला.