रस्त्यातर्फे कोणी?

विकास योजनेवरच्या हरकतींची सुनावणी एकदा तरी बसून ऐकावी. मी नगररचना खात्यात आरेखक होतो, म्हणून मला त्या ऐकाव्याच लागल्या. नोकरीची बरीच वर्षं आताच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेली. जिची गोष्ट सांगतोय ती सुनावणी याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. नाव घालत नाही. त्यातली माणसं अजून हिंडती-फिरती आहेत, आणि दुसऱ्या गावात याहून निराळं काही घडलं असतं असंही मला वाटत नाही.

आधी डी.पी., म्हणजे ही विकास योजना, काय असते ते सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. पालिकेने हद्दीची विकास योजना करायची आणि वीस वर्षांनी ती सुधारायची, असं तो सांगतो. सभागृहाने इरादा जाहीर करायचा, मग आजचा जमीन वापर मोजायचा, त्यावर प्रारूप नकाशा काढायचा, तो लोकांपुढे ठेवून हरकती मागवायच्या, नियोजन समितीने त्या ऐकायच्या आणि शेवटी सगळं बाड मंजुरीला मुंबईला जायचं. कुठे घरं, कुठे बाजार, कुठे शाळेचं आरक्षण आणि कुठला रस्ता किती मीटरचा, हे सगळं त्या एका कागदावर. पुण्या-मुंबईला वाहतुकीचे वेगळे आराखडे होतात, सल्लागार नेमले जातात. आमच्याकडे शहर बस नाही, तर तिचं धोरण कुठून असणार? माणसाने घरून एस.टी. स्टँडवर कसं पोचायचं, याबद्दल पालिकेचं जे काही म्हणणं असतं ते डी.पी.तल्या रेघांतच असतं. नऊ मीटर, बारा मीटर, अठरा मीटर.

सुरुवातीच्या काळात हे काम हातानेच चालायचं. ट्रेसिंग क्लॉथ, रॉट्रिंगची पेनं आणि ॲमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास. राहण्याचा भाग पिवळा, व्यापार निळा, शेती हिरवी. पण रंग भरण्याआधी गाव पायाखाली घालावं लागे. टेप धरायला एक गडी आणि पत्रकाचे कागद घेऊन आम्ही गल्लीगल्लीने जायचो. घर, दुकान, पिठाची गिरणी, गोठा, मंदिर, मशीद, पडीक जागा, प्रत्येकाची खूण ठरलेली. लोक दारात येऊन विचारायचे, रस्ता रुंद होणार का? आम्ही म्हणायचो, नुसती मोजणी आहे. ते खरंही होतं.

या सर्वेक्षणात जागेवर काय उभं आहे ते अगदी बारकाईने टिपलं जायचं. तिथून कोण कुठे जातं याला मात्र खूण नव्हती. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बायका कुठल्या बोळाने शिरतात, काळी-पिवळी कुठे थांबते, शाळा सुटली की पोरांचा लोंढा कुठल्या नाल्यातून पार होतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नकाशावर ते येत नाही, कारण चालणारा माणूस जागा अडवत नाही.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती. कायद्याप्रमाणे समितीत पालिकेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेली चौघांपर्यंत जाणकार मंडळी. भिंतीवर नकाशा, त्याच्याशेजारी पट्टी घेऊन मी. बाहेर व्हरांड्यात माणसांची ही गर्दी. धोतरातले म्हातारे, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेल्या बाया, वकील घेऊन आलेले व्यापारी. शिपाई नाव पुकारायचा, माणूस आत यायचा, मी त्याच्या गटावर पट्टी ठेवायचो.

हरकती ऐकून ऐकून पाठ झाल्या होत्या. आमची रेघ शेजाऱ्याच्या हद्दीत सरकवा. बाराचा रस्ता नऊचा करा. बागेचं आरक्षण आमच्याच रानावर का, समोर एवढं गायरान पडलंय. एकाची दोन गुंठेच जागा, त्यातून बारा मीटर गेल्यावर त्याच्याकडे काही उरतच नव्हतं. तो बोलता बोलता रडायला लागला, आणि समितीतले एक वयस्क सदस्य उठून त्याला पाणी द्यायला गेले. दुसऱ्याने तर शेजाऱ्याचं घर कसं बेकायदा आहे, म्हणून रेघ तिकडेच कशी शोभेल, याचं सविस्तर भाषण केलं. शेजारी व्हरांड्यात होताच. त्याने आत येऊन याचंही माप काढलं.

यात मला लबाडी दिसली नाही. ज्याची जमीन जाते तोच येणार. आरक्षण पडलं की जागेला गिऱ्हाईक मिळत नाही, बांधता येत नाही, मोबदला कधी मिळेल याचा भरवसा नाही. मंजुरीपासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो आणि मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण सुटतं. पण दहा वर्षं म्हणजे पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण सगळं होऊन जातं. माणूस भांडणारच. फक्त हे पाहता पाहता ध्यानात यायला लागलं की रस्ता कमी करा म्हणणारे सगळे आलेत, रस्ता हवा म्हणणारं कोणीच नाही. न्यायालयात दुसरी बाजू असते. इथे रस्त्याचा वकील आम्हीच, आणि आम्ही तर परगावचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. गावातल्या शाळेत शिक्षिका. हरकतीसाठी कार्यालयाने सोयीचा म्हणून एक छापील नमुना ठेवला होता. त्यात नाव, पत्ता, गट क्रमांक, बाधित क्षेत्र असे रकाने होते. बाईंनी गट क्रमांकाच्या रकान्यात आडवी रेघ मारलेली. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "बाई, तुमचा गट कोणता?"

"माझी जमीन नाही."

"मग तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. पोरी जातात."

सभागृहात जरा हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. ओढ्यापलीकडच्या दोन वाड्यांवरून मुली चालत शाळेला येतात, त्या ज्या वाटेने येतात ती वाट तुमच्या नकाशात नाही, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या रस्त्याने आलं तर वळसा पडतो आणि तिथे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. त्या नकाशाजवळ आल्या आणि बोटाने वाट दाखवायला लागल्या, तर बोट सरळ पिवळ्या रंगावरून गेलं. आम्ही तिथे रहिवास विभाग दाखवला होता. नुसती घरंच घरं.

मी निजामाच्या काळातल्या मोजणीवरचा गावनकाशा काढून पसरला. गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवतात आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेघेने. बाईंच्या बोटाखाली दुहेरी तुटक रेघ होती. ओढ्यापासून थेट गावठाणापर्यंत. पूर्वी याच पांदणीने बैलगाड्या बाजाराला यायच्या. पुढे दोन्हीकडच्या रानांचे गुंठेवारीत तुकडे पडले, प्रत्येकाने कुंपण हातभर पुढे घेतलं, आणि गाडीवाटेची पाऊलवाट झाली. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला तो अशाच वस्त्यांसाठी. घर नियमित करण्याची सोय त्यात आहे. आक्रसलेली वाट परत रुंद करायची तर कोणाचं तरी नियमित झालेलं घर पाडावं लागतं.

समितीने बाईंचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि त्या वाटेवर नऊ मीटरचा रस्ता सुचवला. साऱ्या हरकतींच्या गठ्ठ्यात रस्ता वाढवून मागणारी तीच एक असावी. माझ्या हाताखालून तरी दुसरी गेली नाही.

याच्या अगदी उलटा अनुभव मी त्याआधी घेतला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. लोहारा-उमरग्याकडच्या अशा काही गावांच्या ले-आउटवर मीही पेन चालवलं. कोरा कागद. कोणाची हरकत नाही, कोणाचं कुंपण नाही. आम्ही सरळ, रुंद, काटकोनात वळणारे रस्ते आखले आणि मनापासून आखले, कारण दाटीवाटीच्या बोळांत दगडमातीच्या भिंतींखाली माणसं कशी सापडली ते साऱ्यांनी पाहिलं होतं. काही वर्षांनी तिकडे गेलो. उन्हात रस्ते ओस. म्हाताऱ्या म्हणायच्या, शेजारीण लांब गेली. बसायला पार नाही, सावलीची गल्ली नाही, शेत पूर्वीपेक्षा दूर. हळूहळू लोकांनी ओटे पुढे घेतले, रस्त्यावर पडव्या काढल्या, म्हशी बांधल्या. कार्यालयाच्या भाषेत ते अतिक्रमण. मला ते लोकांनी आमच्या नकाशावर घेतलेल्या, उशिरा आलेल्या हरकतींसारखं वाटलं.

मोठ्या रेघा तर पालिकेला विचारून पडतच नाहीत. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशी-ढोकीवरून लातूरला जायची, जिल्ह्याचं ठाणं मात्र बाजूलाच. रुंदीकरणात मार्ग वळला आणि २००७-०८ च्या सुमाराला उस्मानाबादला रेल्वे आली, तीही गावाबाहेर. मग सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला. जुना २११ क्रमांक जाऊन ५२ झाला आणि वळणरस्ता शहराला बगल देऊन गेला. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्गही मंजूर झाला. यातली प्रत्येक रेघ दिल्लीच्या किंवा मुंबईच्या टेबलावर पडते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्या डी.पी.च्या आधी लागतात. पालिका मागून रंग भरत जाते. स्थानकावर उतरलेल्या म्हातारीला रात्री घरी कोणी न्यायचं, याचं उत्तर रेल्वेच्या कागदात नसतं आणि पालिकेच्याही नसतं. ते रिक्षावाल्याकडे असतं आणि तो त्याचे पैसे घेतो.

जिल्ह्यात चालणाऱ्यांसाठी रस्ता राखला जातो तो फक्त तुळजापूरच्या वाटेवर. कोजागरीला सोलापूरकडून लाखो माणसं पायी आईच्या दर्शनाला निघतात आणि प्रशासन त्या रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवतं. ट्रकवाले कुरकुरत लांबून जातात. कोणाची हरकत येत नाही, सुनावणी होत नाही. देवीचं काम म्हटल्यावर कोण बोलणार! पौर्णिमा उलटली की रस्ता पुन्हा गाड्यांचा.

बाईंच्या रस्त्याचं पुढे काय झालं, हे लोक हटकून विचारतात. योजना मंजूर झाली तेव्हा मी बदलून गेलो होतो. नंतर एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं. ओढ्याकडचा तुकडा झाला होता, तोही पालिकेचा पैसा न लागता. तिथल्या मालकाला ले-आउट मंजूर करून घ्यायचा होता, डी.पी.तला रस्ता सोडल्याशिवाय मंजुरी नाही, म्हणून त्याने नऊ मीटर मुकाट सोडले. लहान गावातले बहुतेक डी.पी. रस्ते असेच होतात, कोणीतरी प्लॉट पाडायला काढले की तेवढ्यापुरते. गावाकडच्या तुकड्यात गुंठेवारीची पक्की घरं. तिथे जागा संपादन करायची तर पैसा हवा. मालकाला रोखीऐवजी टी.डी.आर. देता येतो, पण जिथे दोन मजल्यांवर कोणी बांधत नाही तिथे जादा बांधकामाचा हक्क विकत कोण घेणार? तेव्हा नवा रस्ता छान रुंद येतो आणि एका भिंतीशी थांबतो. मुली तिथून डावीकडे वळून गिरणीमागच्या बोळाने जात होत्या. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. भेट झाली नाही.

आता मी धाराशिवातच राहतो. २०१६ साली निवडून आलेल्या पालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि नंतर जवळपास चार वर्षं प्रशासकच ठराव मांडायचा, प्रशासकच मंजूर करायचा. पूर्वी सभागृहात 'ऐनवेळचे विषय' म्हणून काय काय घुसवायचे ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे सभागृह नसण्याचं मला फार दुःख झालं असं म्हणवत नाही. तरी ऐनवेळचा विषय निदान कोणी तरी मोठ्याने वाचायचं, आणि मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडायचं.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्या आणि त्या डिसेंबरात पालिकांच्या निवडणुका लागल्या. आमच्या गल्लीतही हात जोडून मंडळी आली. एक तरुण उमेदवार दारात थांबला, काही सूचना असेल तर सांगा म्हणाला. मी म्हटलं, प्रारूप योजना जाहीर झाली की हरकतींना तीस दिवस मिळतात. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानात येते, कोणी वाचत नाही. ती एस.टी. स्टँडवर लाव, शाळांत लाव, रिक्षा थांब्यावर लाव. नकाशाही लाव. जमीन नसलेल्यांनाही कळू दे.

"लावू की काका," तो म्हणाला. त्याने खरंच वहीत लिहून घेतलं. मग जरा जवळ सरकून हळूच विचारलं, "तुमचा कुठला गट जातोय त्यात?"