गाठीला सुई

संध्याकाळी अंगात कसर आणि दिवसेंदिवस ढिली होत चाललेली पँट, एवढ्यावरून सुरू झालेली तपासणी सीटी स्कॅनपर्यंत पोचली. पोटात पार मागे, मणक्याच्या पुढ्यात, मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून गाठींचा पुंजका निघाला. रिपोर्टात दोन शक्यता होत्या: टीबी किंवा लिम्फोमा. एकाला गोळ्या, दुसऱ्याला केमो. स्कॅनवर मात्र दोन्ही सारखेच दिसू शकतात.

बायोप्सीचं कळताच आत्याचा फोन आला. "गाठीला सुई लावू देऊ नकोस रे. चवताळते ती." रेडिओलॉजिस्ट बाईंना मी हे जसंच्या तसं ऐकवलं. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, काही गाठींना आम्हीही सुई लावणं टाळतो. अंडाशयाची संशयित गाठ फुटली तर पेशी पोटात सांडतात. यकृताच्या कॅन्सरचं निदान बऱ्याचदा स्कॅनवरच होतं. तुमचं मात्र तुकडा मिळाल्याशिवाय औषध ठरायचं नाही, आणि सुईच्या वाटेनं रोग पसरणं फार क्वचित. काळजी असते ती रक्तस्रावाची. म्हणून आधी रक्त गोठण्याच्या तपासण्या: आयएनआर, प्लेटलेट. रक्त पातळ करणारी गोळी घेता का, हे तर जो येई तो विचारून जाई.

सीटीच्या टेबलावर पालथं झोपवलं. भुलीचं इंजेक्शन चरचरलं, पुढे नुसता दाब जाणवत होता. श्वास रोखा, टेबल आत. सोडा, टेबल बाहेर. दर खेपेला सुई जराशी पुढे. लिम्फोमात पेशींची मांडणीही बघावी लागते, त्याला नुसत्या पेशी ओढणारी बारीक सुई बहुधा पुरत नाही. म्हणून ही १८ गेजची, स्प्रिंगवाली. तिचा खटका त्यांनी आधी ऐकवला होता, तरी दचकलोच.

तुकडे शेवईच्या चुऱ्याएवढे. बरेचसे फॉर्मालिनमध्ये गेले, एक साध्या सलाइनमध्ये. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार? टीबीची शंका असेल तर या दुसऱ्या बाटलीची चौकशी घरच्यांनी आधीच करावी, भीड बाळगू नये.

रिपोर्टात टीबीकडे बोट दाखवणारा ग्रॅन्युलोमा आला. सलाइनमधल्या तुकड्यावर टीबीची जीनएक्स्पर्ट चाचणी पॉझिटिव्ह, आणि जंतू रिफाम्पिसिन या औषधाला दाद देणारा. टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नाव चढलं, वजनाप्रमाणे रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी होईल, ती गोळीमुळे, घाबरून धावत येऊ नका, हे मात्र कोणा डॉक्टरांनी नाही, आशा स्वयंसेविका ताईंनी सांगितलं.